माणसागणिक बोली बदलते, म्हणून माणूस खोटा ठरतो का?

वाचकाचे पत्र

माझे माहेर सटाण्याजवळच्या एका खेड्यातले, सासर नाशिकचे. आम्ही सिडकोत राहतो आणि मी अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीत खरेदी विभागात काम करते. माहेरी मी अहिराणी बोलते. घरी सासू-सासऱ्यांसमोर नवऱ्याला ‘अहो’ म्हणते आणि आम्ही दोघेच असलो की नावाने हाक मारते. ऑफिसात जपून, पुस्तकी मराठी बोलते, परदेशी ग्राहकांच्या बैठकीत इंग्रजी, आणि माल उतरवणाऱ्या कंत्राटी कामगारांशी त्यांच्याच पद्धतीने, थोडी दरडावून हिंदी. नुकतेच चुलत भावाचे लग्न झाले. तिथला माझा व्हिडिओ कोणीतरी स्टेटसला ठेवला. त्यात मी बायकांच्या घोळक्यात मोठ्याने हसते आहे, टाळ्या देते आहे, अहिराणीत कोणाला तरी चिडवते आहे. तो पाहून ऑफिसातील एक सहकारी जेवणाच्या टेबलावर म्हणाली, “म्हणजे इथे इतकी वर्षे नाटकच चालले होते की!” एका वरिष्ठांना तर मी ‘पानी’ म्हटले की चारचौघांत ‘पाणी’ अशी दुरुस्ती करण्याची सवयच आहे. त्याच लग्नात मानपानावरून वहिनीशी बोलाचाली झाली, तेव्हा ती म्हणाली, “तू ते नाशिकवाली व्हई गयी.” नवरा हसून विचारतो, “यातली खरी तू कोणती?” आणि परवा माझ्या आठ वर्षांच्या मुलीने फोनवर माझ्या आईला सांगितले, “आजी, नीट बोल ना.” आईचा फोन आला की मी एरवी गॅलरीत जाऊन, दार लोटून बोलते. त्या दिवशी मुलीने फोन उचलला म्हणून हे घडले. मी सगळीकडे एकसारखेच बोलायला हवे का? माझे हे वागणे दुटप्पी आहे का?

एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे वागणे दुटप्पी नाही, आणि सगळीकडे एकसारखे बोलण्याचा निश्चय तुम्ही करू नये, हे माझे उत्तर आधीच सांगते. मात्र तुमच्या एका प्रश्नाखाली बऱ्याच निरनिराळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. सहकारिणीचा टोमणा, वरिष्ठांची दुरुस्ती, वहिनीचा राग आणि मुलीचे वाक्य यांची मुळे वेगवेगळी आहेत, आणि सगळ्यांना एकच उत्तर लावले तर ते कोणालाच नीट लागू पडणार नाही. शिवाय पत्रात एक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे, जिच्याबाबत मी तुमच्या बाजूने नाही. तिच्याकडेही मी येणार आहे.

प्रथम तुमच्या यजमानांचा प्रश्न घेऊ, कारण तो हसत विचारलेला असला तरी तुमच्या मनात सर्वांत खोल तोच गेलेला दिसतो. जुन्या मित्राचा फोन आला की ते स्वतः “काय करू राहिला भो?” असे विचारतात का, आणि त्यानंतर पाचच मिनिटांनी बँकेच्या व्यवस्थापकाशी बोलताना त्यांचा आवाज, वाक्यांची ठेवण आणि बसण्याची पद्धतसुद्धा बदलते का, हे एकदा त्यांना स्वतःलाच ऐकून पाहायला सांगा. सासू-सासऱ्यांसमोर तुम्ही त्यांना ‘अहो’ म्हणता, हाही बोलण्यातला बदलच आहे, आणि त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केल्याचे तुम्ही लिहिलेले नाही. ज्या बदलातून आपल्याला मान मिळतो तो रीत वाटतो आणि दुसऱ्याला मान देणारा बदल मात्र सोंग वाटतो, अशी गल्लत पुष्कळांची होते. त्यांच्या प्रश्नाचे खरे उत्तर असे आहे की यातली प्रत्येक तुम्हीच आहात, आणि तुमच्यात व त्यांच्यात फरक एवढाच की तुम्हाला त्यांच्यापेक्षा जास्त अंतर रोज पार करावे लागते.

नाशिकमध्ये राहणाऱ्यांना हे नवीन वाटू नये. रामकुंडावर यात्रेकरू कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची नावे वह्यांमध्ये जपणारे तीर्थोपाध्याय गुजरातेतून आलेल्या यजमानाशी गुजरातीत, उत्तरेकडून आलेल्यांशी हिंदीत आणि आपल्या घरच्यांशी मराठीत बोलतात, आणि त्यांना कोणी नाटकी म्हणत नाही. लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात शेतकऱ्याशी गावाकडच्या मराठीत भाव ठरवणारा व्यापारी दुसऱ्याच क्षणी दिल्लीच्या दलालाशी हिंदीत बोलतो आणि दोन्हीकडे त्याचा हिशेब तोच असतो. याच जिल्ह्यात सुरगाणा-पेठकडे कोकणा बोली आहे, बागलाण (म्हणजे तुमचा सटाण्याचा भाग)-मालेगाव-कळवणकडे अहिराणी आहे, निफाड-सिन्नरची मराठी आणखी निराळी आहे, आणि या सगळ्यांची माणसे सातपूर-अंबडच्या कारखान्यांत एकाच पाळीत काम करतात. अशा शहरात सर्वांशी एकाच तऱ्हेने बोलणारा माणूस जास्त प्रामाणिक ठरत नाही. फार तर त्याने बाकीच्यांनाच आपल्याकडे येण्याचा त्रास दिलेला असतो.

हा बदल बहुतेक वेळा आपण ठरवून करत नाही, हेही लक्षात घ्या. हॉवर्ड जाइल्स या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात या विषयाची नीट मांडणी केली. समोरच्याशी जवळीक हवी असेल तर आपण उच्चार, वेग आणि शब्द यांत त्याच्याकडे सरकतो आणि अंतर हवे असेल तर त्याच्यापासून दूर जातो, असे त्या मांडणीचे सार आहे. निकोलस कूपलंड यांनी वेल्समधील कार्डिफ शहरात प्रवासाची तिकिटे व सहली विकणाऱ्या एका कचेरीत काम करणाऱ्या स्त्रीचे बोलणे ध्वनिमुद्रित करून अभ्यासले आणि १९८४ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. समोरचा ग्राहक ज्या सामाजिक थरातला असे, त्याच्या उच्चारांच्या जवळ तिचे उच्चार सरकत, आणि हे दिवसभर चाले. ती कोणाला फसवत नव्हती. ती आपले काम चांगले करत होती. देहबोलीचेही असेच आहे. तान्या चार्ट्रंड आणि जॉन बार्ग यांच्या १९९९ मधील प्रयोगांत अनोळखी व्यक्ती पाय हलवू लागली की शेजारी बसलेला माणूसही नकळत पाय हलवू लागे, ती चेहऱ्याला हात लावू लागली की तोही लावू लागे. उलट बाजूने पाहता, ज्यांच्या हालचालींचे असे अनुकरण झाले त्यांना समोरची व्यक्ती अधिक आवडली आणि संवाद अधिक सहज वाटला, मात्र हे का घडले ते त्यांना कळले नव्हते.

असे जुळवून घेणे ही केवळ सोय नसते, तर ती कधी कधी मोठी नैतिक निवड असते, आणि हे आपल्याला परदेशी अभ्यासकांकडून शिकण्याचीही गरज नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या नंतर महानुभाव पंथाची धुरा सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांचे काही शिष्य संस्कृतचे उत्तम जाणकार होते. त्यांतील केशोबासांना संस्कृतातून रचना करण्याची ओढ होती. नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले, कारण तसे झाले तर पंथातल्या माझ्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील, असे त्यांचे म्हणणे होते. विद्वानांच्या सभेतली प्रतिष्ठा एका पारड्यात आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्यांना कळणे दुसऱ्या पारड्यात, अशी ती निवड होती, आणि त्यांनी म्हाताऱ्यांच्या बाजूने कौल दिला. तुम्ही लग्नात अहिराणीत बोललात, तेव्हा आपल्या माणसांना कळेल, त्यांना परके वाटणार नाही, असे बोललात. याला नाटक म्हणण्याचे कारण मला दिसत नाही.

सहकारिणीच्या बोलण्यामागे दुष्टावा असेलच असे नाही. एखाद्या माणसाला आपण एकाच जागी पाहत आलो की तेवढाच तो माणूस, असे आपण धरून चालतो, आणि त्याला दुसऱ्या जागी पाहिले की दचकतो. व्हिडिओमुळे हे हल्ली वारंवार होते, कारण पूर्वी लग्नातले हसणे लग्नातल्या माणसांपुरतेच राहत असे. तिला तुम्ही शांतपणे इतकेच सांगू शकता की, “तेही मीच होते आणि हेही मीच आहे, तिथे माझी भावंडे होती.” याहून अधिक खुलासा देणे म्हणजे आपण काहीतरी लपवत होतो हे कबूल केल्यासारखे होईल, म्हणून तो देऊ नका.

त्या व्हिडिओतील टाळ्यांबद्दल आणि मोठ्या हसण्याबद्दल तुम्हाला संकोच वाटला, म्हणून हातवाऱ्यांविषयी थोडे लिहिते. डेव्हिड एफ्रॉन यांनी न्यूयॉर्कमधील पूर्व युरोपीय ज्यू आणि दक्षिण इटालियन स्थलांतरितांच्या हातवाऱ्यांचा अभ्यास करून तो १९४१ मध्ये प्रसिद्ध केला. हातवारे वंशातून, रक्तातून येतात, असा प्रचार त्या काळी जर्मनीत जोरात होता. एफ्रॉन यांना आढळले ते त्याच्या नेमके उलट होते. जुन्या वस्तीत राहणाऱ्या दोन्ही गटांचे हातवारे एकमेकांपासून अगदी वेगळे होते, पण अमेरिकी समाजात मिसळलेल्या त्यांच्याच माणसांत हा फरक जवळजवळ उरला नव्हता. हातवारे माणूस सहवासातून शिकतो, आणि शिकलेल्या दोन पद्धती एकाच माणसाकडे राहू शकतात. ऑफिसातले तुमचे आवरून बसणे आणि लग्नातले मोकळे हसणे या दोन्ही तुमच्या शिकलेल्या, आपल्याशा केलेल्या गोष्टी आहेत. येथे एक व्यवहाराची सूचना करते. आपण ऐकत आहोत हे दाखवण्यासाठी आपल्याकडे मान दोन्ही बाजूंना हलकेच डोलावतात, ती खूण युरोपीय ग्राहकांना नकारासारखी किंवा संदिग्ध वाटू शकते. अशा बैठकीत होकार तोंडाने स्पष्ट उच्चारावा. त्यासाठी मान डोलावणे सोडण्याची गरज नाही.

आता ‘पानी’ आणि ‘पाणी’. येथे मी तुमच्या वरिष्ठांशी पूर्णपणे असहमत आहे. विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत जाऊन, एक श्रीमंतांचे, एक मध्यमवर्गीयांचे आणि एक स्वस्त मालाचे, तिथल्या विक्रेत्यांना अशी वस्तू कुठे मिळेल ते विचारले की जिचे उत्तर ‘चौथा मजला’ असेच यावे. त्या इंग्रजी शब्दांत दोनदा येणारा ‘र’ कोण उच्चारतो आणि कोण गाळतो, हे त्यांना पाहायचे होते. श्रीमंतांच्या दुकानात ‘र’ सर्वाधिक उच्चारला गेला, स्वस्त दुकानात सर्वांत कमी. ऐकू न आल्याचे दाखवून पुन्हा विचारले की लोक जास्त काळजीपूर्वक, म्हणजे ‘र’ उच्चारून सांगत. यातला सर्वांत बोलका भाग पुढे आहे. जो ‘र’ उच्चारणे न्यूयॉर्कमध्ये प्रतिष्ठेचे, तोच ‘र’ गाळणे हे इंग्लंडच्या प्रतिष्ठित उच्चाराचे लक्षण आहे. म्हणजे प्रतिष्ठा ध्वनीत नसते. तो ध्वनी काढणाऱ्या वर्गाच्या हातात त्या त्या ठिकाणी किती सत्ता आहे, त्यावर ती ठरते. आपल्याकडे १८३१ मध्ये मोल्सवर्थ यांचा कोश आला, १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण आले, शाळांची क्रमिक पुस्तके आली, आणि या सगळ्या घडणीत पुण्या-मुंबईकडच्या शिकलेल्या वर्गाचे बोलणे प्रमाण मानले गेले. ते बागलाणचे असते, तर आज पुण्याच्या माणसाला चारचौघांत कोणी दुरुस्त केले असते.

अहिराणी ही बिघडलेली मराठी आहे, असा समज तुमच्या वरिष्ठांचाच नव्हे, खुद्द बागलाणातल्या अनेकांचाही असतो, म्हणून हेही सांगते. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खंडात खान्देशीला मराठीखाली न घेता भिल्ली भाषांबरोबर स्वतंत्र स्थान दिले होते, आणि जनगणनेतही खान्देशीची, तिच्यात अहिराणी धरून, वेगळी नोंद होते. मराठीतला ‘ळ’ अहिराणीत ‘य’ होतो आणि ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, तो नियमाने होतो. ज्याला नियम आहे ती चूक नसते.

तरीही प्रमाण मराठी नीट लिहिता-बोलता येणे हे तुमच्या नोकरीत उपयोगाचे आहे, आणि ते कौशल्य वाढवावेसे वाटले तर त्यात शरणागती नाही. पत्रव्यवहारात ‘ण’ आणि ‘न’ अचूक हवेतच. पण भर बैठकीत कोणाचा उच्चार सुधारणे ही भाषेची सेवा नसून माणसाला खाली बसवणे आहे. वरिष्ठांना एकांतात भेटा आणि आदराने सांगा, “मजकुरात किंवा आकड्यात चूक झाली तर मला जरूर तिथल्या तिथे थांबवा, पण उच्चारासाठी सर्वांसमोर थांबवू नका, त्यामुळे माझा मुद्दा मागे पडतो.” बहुतेक माणसांना आपण काय करतो आहोत याची जाणीवच नसते आणि अशा एका स्पष्ट वाक्याने ती होते.

आता ती गोष्ट, जिच्याबाबत मी तुमच्या बाजूने नाही. कंत्राटी कामगारांशी ‘त्यांच्याच पद्धतीने, थोडी दरडावून’ बोलते, असे तुम्ही लिहिले आहे. ती त्यांची पद्धत आहे असे तुम्हाला वाटते, पण ते आपसांत बरोबरीच्या नात्याने दटावत असतील, आणि तुम्ही त्याच स्वरात बोललात तर ते तुम्हाला त्या स्वरात उत्तर देऊ शकत नाहीत. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० मध्ये युरोपीय भाषांतील ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचा अभ्यास करून हेच दाखवले होते. दोघेही एकमेकांना ‘तू’ म्हणत असतील तर ती जवळीक असते. एक जण ‘तू’ म्हणतो आणि त्याला उत्तरात ‘तुम्ही’च मिळते, तेव्हा ती सत्ता असते. आपल्या आईला आपण ‘तू’ म्हणतो त्यात माया आहे, पण वयाने मोठ्या सुरक्षारक्षकाला किंवा हमालाला ‘तू’ म्हणण्यात ती नाही. समोरचा माणूस याच स्वरात मला उलट बोलला तर मला चालेल का, एवढाच प्रश्न स्वतःला विचारा. चालणार नसेल, तर ते त्याच्या पद्धतीचे बोलणे नाही. ज्या अपमानाचा काटा तुम्हाला ‘पानी’च्या दुरुस्तीत टोचतो, तोच तुमच्याकडून खाली पोचवला जाऊ नये, असे मला फार मनापासून वाटते. ‘आप’ म्हणायला आणि नावाने हाक मारायला वेळ तेवढाच लागतो.

दुटप्पीपणा खरोखर कोठे सुरू होतो, तेही तुमच्याच कामातून सांगता येईल. समजा, बागलाणातला एखादा पुरवठादार आला आणि तुम्ही त्याच्याशी अहिराणीत बोललात, तर ते आपुलकीचे आहे. पण त्या आपुलकीच्या जोरावर त्याच्याकडून दर पाडून घेतला, त्याला पैसे लवकर मिळतील असे अहिराणीत सांगितले आणि आत येऊन इंग्रजी ई-मेलमध्ये त्याचे बिल लांबवण्याची शिफारस केली, तर तेथे बोली बदलण्याबरोबर दिलेला शब्दही बदलला. त्याचप्रमाणे ऑफिसात बसून गावच्या माणसांची थट्टा करणे आणि गावात बसून शहरातल्यांना नावे ठेवणे, असे दोन्हीकडे टाळ्या मिळवणे हाही दुटप्पीपणाच होय. तुमच्या पत्रात याची कोठेही खूण नाही, म्हणूनच मी तुम्हाला आरंभीच निर्दोष म्हटले. पण स्वतःला तपासायचे असेल तर आवाज बदलला का, हे पाहू नका. जे एकीकडे म्हटले ते दुसरीकडे ऐकले गेले तर मान खाली घालावी लागेल का, हे पाहा.

वहिनीच्या रागाविषयी मला एक शंका आहे. मानपानावरून बोलाचाली झाली, तेव्हा तुम्ही तिला कोणत्या भाषेत उत्तर दिले? आठवून पाहा. माझा अंदाज असा आहे की राग चढला तशी तुमची भाषा नाशिकच्या, कदाचित ऑफिसच्या मराठीकडे गेली असावी, आणि वहिनीला तुमच्या शब्दांपेक्षा ते जास्त लागले असावे. भाषेने जवळ येता येते तसे दूरही जाता येते. जाइल्स आणि रिचर्ड बुऱ्हिस यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वेल्श भाषा शिकणाऱ्या काही प्रौढांना अतिप्रतिष्ठित इंग्रजी उच्चाराच्या एका आवाजाने विचारले की, भविष्य नसलेली ही मरू घातलेली भाषा तुम्ही कशासाठी शिकता. उत्तर देताना त्यांच्यातील अनेकांच्या इंग्रजीला एकाएकी अधिक ठसठशीत वेल्श वळण आले आणि काहींनी मुद्दाम वेल्श शब्द वापरले. दुखावलेला माणूस आपल्या बोलीत पाय रोवतो. वहिनीने ‘व्हई गयी’ असे अहिराणीत म्हणून तेच केले. तिला फोन करा आणि मानपानाचा विषय न काढता नुसते अहिराणीत बोला. माझा अंदाज चुकला असला तरी त्याने काही बिघडणार नाही.

राहिला तुमच्या मुलीचा प्रश्न, आणि सगळ्यांत तातडीचा तोच आहे. आठ वर्षांच्या मुलीने आजीला “नीट बोल” म्हणणे हा उद्धटपणा नाही, तिने तिच्यापुरता काढलेला निष्कर्ष आहे. कोणती भाषा कोठे बोलली जाते, कोणत्या भाषेला दार उघडे असते आणि कोणत्या भाषेला दार लोटले जाते, हे मुले फार बारकाईने टिपतात. आईचा फोन आला की तुम्ही गॅलरीत जाता, हे तुम्ही स्वतःच लिहिले आहे. सासरच्यांना अडचण नको, म्हणूनही जात असाल, पण मुलीला त्यातून एवढेच दिसते की ही भाषा घरात बोलायची नसते. तिला समजावून सांगण्याआधी तुमची ही सवय बदला. फोन बैठकीच्या खोलीत, सर्वांदेखत, मोठ्याने आणि मनसोक्त अहिराणीत घ्या. सासूबाईंना कळले नाही तर त्या विचारतील, आणि त्यांनी विचारणे चांगलेच आहे.

मुलीला रागावू नका आणि आजीची क्षमा मागायलाही लावू नका, नाहीतर अहिराणी म्हणजे शिक्षेचा विषय होईल. तिला इतके सांगा की आजी नीटच बोलते, ती वेगळी भाषा बोलते आणि ती भाषा आईलाही येते. मग तिच्यासमोर कधी कधी दोन्ही भाषांत तेच वाक्य म्हणा. “काय करते आहेस?” आणि “काय करी ऱ्हायनी?” हे शेजारी शेजारी ऐकले की मुलांना त्यात खेळ दिसतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला तुमच्याशिवाय काही दिवस आजोळी ठेवा. तुम्ही बरोबर असलात की ती तुमच्याशी नाशिकची मराठीच बोलत राहील, आणि भाषा ज्या भावंडांकडून येते त्यांच्यात ती मिसळणार नाही.

हे मी आग्रहाने सांगते, याला कारण आहे. २००१च्या जनगणनेत खान्देशी बोलणाऱ्यांची संख्या २० लाखांहून अधिक होती आणि २०११ मध्ये ती १८ लाखांच्या थोडी वर आली. लोकसंख्या वाढत असताना ही संख्या घटली, आणि लोकांनी आपापल्या घरी मातृभाषा म्हणून काय सांगितले यावर ती ठरते. बोली टिकण्यासाठी बाहेरच्या जगाने तिला डोक्यावर घ्यावे लागतेच असे नाही. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये सांगली जिल्ह्यातील एका गावाचा, त्यांच्या लेखनात ‘कुपवार’ म्हटलेल्या, अभ्यास मांडला. तेथे जैन कुटुंबांत कन्नड, मुसलमान कुटुंबांत उर्दू आणि इतर काही घरांत मराठी अशा भाषा शतकानुशतके शेजारी नांदत आल्या होत्या. रोजच्या व्यवहारामुळे त्यांची वाक्यरचना एकमेकींच्या इतकी जवळ आली होती की शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करता यावे. चारचौघांत मराठी चाले, पण घरातली भाषा कोणी टाकली नव्हती, कारण घरात घरचीच भाषा बोलायची हा रिवाज पक्का होता. तुम्हाला सिडकोत नेमका हा रिवाज पाळायचा आहे आणि त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

दोन भाषांमुळे मुलीचा शाळेत गोंधळ होईल, असे कोणी म्हणाले तर घाबरू नका. दोन भाषा ऐकत वाढणारी मुले अगदी लहान वयातच, दोन-तीन वर्षांची असताना, कोणाशी कोणत्या भाषेत बोलायचे ते ओळखू लागतात. तुमची मुलगी तर आठ वर्षांची आहे आणि तिची मराठी पक्की झाली आहे. मला काळजी तुमच्या आईची वाटते. “नीट बोल” हे ऐकल्यानंतर नातीशी बोलताना त्या अडखळत प्रमाण मराठी बोलू लागतील, किंवा फोन तुमच्याकडेच द्यायला सांगतील. तसे होऊ देऊ नका. नातीला न कळो, ती हसो, उलट प्रश्न विचारो, पण तू तिच्याशी अहिराणीतच बोलत जा, असे त्यांना आजच फोन करून सांगा.